टाकी रिकामी न करता काढलेला जोड

अप्पा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की मामाच्या कॅराव्हॅनमधला पाण्याचा जोड खराब निघाला. ते खरं नाही. जोड चांगला होता. तो मी मोडला.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे नवे जोड तुम्ही पाहिलेच नाहीत. आटे नाहीत, त्यांवर गुंडाळायला ताग नाही, टेप नाही. पाइप नुसता आत ढकलायचा, की घट्ट बसतो. काढताना आधी टाकी रिकामी करायची, पाइप आणखी जरासा आत रेटायचा, जोडाच्या तोंडाशी असलेली कडी चहूबाजूंनी सारखी दाबून धरायची आणि मग पाइप अलगद ओढायचा. मला हे पाठ होतं. मामाने जुनी गाडी घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, सिंक बसवलं, कुटुंबांना फिरायला भाड्याने द्यायला. तिचं नळाचं सगळं काम मीच केलं.

त्या दिवशी टाकीखालचा एक पाइप थोडा सरकवायचा होता. पण सकाळीच नळाला पाणी आलेलं, पाच दिवसांनी, आणि टाकी काठोकाठ भरलेली. ती ओतून कशी देऊ? मला अजून दिसतं: मी सात वर्षांची आहे, स्वयंपाकघरात तुम्ही नळ खोलताय आणि मी खाली पातेलं धरून बसलेय. पातेलं कललं. तुम्ही पाना बाजूला ठेवून म्हणालात, "पोरी, प्लंबरच्या घरात पानी सांडतंय व्हय? लोकं हसतील की." तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मी आईला दोनदा विचारून ओतते.

म्हणून भरल्या टाकीखालीच मी कडी दाबली. पाइप निघेना. तुमचा पाना आणला. प्लास्टिकला पाना! कडी तुटली, पाइप सुटला आणि अख्खी टाकी माझ्या अंगावरून नव्या गादीत गेली. मामा दारात उभा. "कापडासकट आंगूळ करती व्हय गं? साबण आणू?" मग त्याला गादी दिसली आणि त्याचं हसू गेलं. "काय झालं?" माझ्या तोंडून निघालं, "जोडच खराब होता."

तो तुकडा घेऊन मामा सात रस्ता चौकातल्या नळसामानाच्या दुकानात भांडायला गेला. दुकानदारकाका भांडलेच नाहीत. तुम्ही आयुष्यभर त्यांच्याकडूनच माल नेलात. म्हणाले, "मिस्त्रीची पोरगी म्हणती न्हवं? मग खराबच असणार." नवा जोड दिला आणि तसल्या जोडांचा अख्खा खोका विकायचा बंद केला. येत्या शनिवारी तो कंपनीला परत जाणार आहे, सोबत तक्रारीचं पत्र, आणि त्यात पुरावा म्हणून तुमचं नाव. मामा हे कौतुकाने सांगत होता. मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले. आई म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालं का गं?" मी हो म्हणाले. तेही खोटं. मीठ बरोबर होतं.

हे पत्र वहीतच राहील. काकांना मात्र तोंडाने सांगावं लागेल. त्यासाठी मी आधी गुरुवार ठरवला होता. गुरुवारी त्यांचं दुकान बंद असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता शुक्रवारी जाते, दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसते.