क्लच तुझा, गिअर माझा

हार्लन क्रॉसिंग, इंडियाना
९ जून १९९६

ती. व्हर्नाताईस एल्डनचा दंडवत. वि. वि.

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. उत्तर राहिलं, कारण गाडी पुरी करत होतो. झाली एकदाची. बाबांच्या कोठारात आपण रेससाठी बांधलेली, मग विकावी लागलेली आणि ओहायोतून परत हुडकून आणलेली पासष्टची प्लिमथ नऊ वर्षांनी चाकांवर उभी आहे. गेल्या शनिवारी प्रदर्शनात नेली. परीक्षक बॅटऱ्या घेऊन गाडीखाली आडवे झाले होते. कारखान्यातून येताना तिच्या दाराच्या आतल्या कडेला रंगाचा एक ओघळ होता, मी तोसुद्धा तसाच काढलाय. शंभरांत अठ्ठ्याण्णव मिळाले. दोन कशाचे कापले हे विचारण्याचंही त्राण नव्हतं.

खरं सांगू? आनंद व्हायला हवा होता तसा झाला नाही. सकाळी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि हाताला काही काम नसतं. नुसता थकवा आलाय, हाडांत मुरलेला.

एक बातमी आहे. आपली रेसची पट्टी विकली, तिथे गोदामं होणार. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी निरोपाच्या धावा आहेत. जुन्या गाड्यांनी एकेकदा पाव मैल पळायचं. मलाही बोलावणं आलंय. तेवढी एक धाव घ्यायची आणि गाडीवर चादर घालायची, एवढीच इच्छा उरली आहे. डावा गुडघा जरा कुरकुरतो, पण तोवर होईल बरा.

हॉलिसभावोजींचा श्वास कसा आहे? माया आहेच, आटू देऊ नकोस.

तुझा,
एल्डन

सलायना, कॅन्सस
३० जून १९९६

चि. एल्डनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

अठ्ठ्याण्णव! शाळेत तुला चाळीस मिळाले की आई केक करायची, आठवतं का? आणि कारखान्यातल्या कुणा पेंगुळलेल्या माणसाची चूक तू मुद्दाम बसून काढलीस, धन्य आहेस बाबा. पण गाडी उभी राहिली हे वाचून डोळे भरून आले, हेही लिहून टाकते.

गुडघा ‘जरा कुरकुरतो’ म्हणजे काय ते मला कळतं. तो क्लच दाबायला रेड्याचा पाय लागतो. हल्ली तेलाच्या दाबावर चालणारा हलका क्लच मिळतो म्हणे, तो बसव. गुण जातील तर जाऊ देत. गुण काय चाटायचेत?

मला येणं काही जमायचं नाही. हॉलिसला आता रात्रंदिवस ऑक्सिजनची नळी लागते. सव्वीस वर्षं शाळेची बस हाकून सुटले तेव्हा वाटलं होतं, पाय वर करून बसेन. कसलं काय. मीही थकले रे.

आणि लिहू नये, पण लिहिते. त्या पट्टीवर बायकांना कुंपणाच्या आत बंदी होती. आठवडाभर कोठारात व्हॉल्व्ह घासायचे मी, कार्ब्युरेटरचा सूर लावायचे मी, आणि रविवारी तारेबाहेर सरबतवाल्यापाशी उभी राहायचे तीही मीच. तू म्हणायचास, ताई, नियम आहे, मी काय करू? तू काही करू शकला नसतास हे मलाही ठाऊक आहे. पण एकदा विचारून तरी बघायचं होतंस. जाऊ दे. त्या तारेपाशी पुन्हा जाऊन उभं राहण्याची हौस नाही, इतकंच. राग धरू नकोस.

आर्डिसला आशीर्वाद. लोभ कमी करू नये.

तुझी,
व्हर्ना

हार्लन क्रॉसिंग
४ ऑगस्ट १९९६

ती. व्हर्नावन्सं यांस आर्डिसचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांचा गुडघा कुरकुरत नाही, तो संपलाय. डॉक्टरांनी नवा बसवायला सांगितलाय, तर म्हणे ऑक्टोबरात बघू. रोज सकाळी गॅरेजचं दार लावून गाडीत बसतात आणि क्लच दाबायचा सराव करतात. मी पलीकडे कपडे धुवत असते, सगळं ऐकू येतं. एवढ्या मोठ्या माणसाचं कण्हणं ऐकवत नाही हो. काल पेडल अर्ध्यावरून सटकलं आणि हे भिंत धरून बाहेर आले.

हलक्या क्लचचं मीही सुचवून पाहिलं. तो बसवला तर ही ती गाडीच राहत नाही म्हणे. जावयाला चालवू द्या म्हटलं, तर दोन दिवस अबोला. त्या गाडीचं आणि माझं कधीच जमलं नाही. जेवणाच्या टेबलावर तिचा गिअरबॉक्स पसरलेला होता म्हणून एका नाताळात आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पण ही धाव हुकली तर हे पुन्हा उभे राहायचे नाहीत, असं मला वाटतं.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. कुंपणापर्यंत आले आणि थांबले. पुढचं मनातल्या मनात वाचलं, मग जेवलेही नाहीत. तुम्हीच काहीतरी लिहा. जगात तेवढं तुमचंच ऐकतात.

भावोजींना जपा. आमच्यावर जीव असू द्या.

आपली,
आर्डिस

हार्लन क्रॉसिंग
२५ ऑगस्ट १९९६

ती. ताईस दंडवत. वि. वि.

आर्डिसने तुला लिहिलंय हे मला कळलं. भांडणात तिच्याच तोंडून निसटलं. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. क्लच मला दाबवत नाही.

दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी देणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण गेले काही दिवस झोप लागत नाही आणि एकच गोष्ट डोक्यात येते. ते पेडल दाबेल असा एकच पाय मला माहीत आहे, आणि तो सव्वीस वर्षं बसच्या क्लचवर होता. तू चालव. मी शेजारी बसून डाव्या हाताने गिअर टाकीन. क्लच तुझा, गिअर माझा.

आयोजकांना विचारलं. निरोपाची धाव आहे, तेव्हा हेल्मेट आणि पट्टे घालून दोघांनी बसायला हरकत नाही म्हणाले. होय, या वेळी विचारलं. भावोजींनाही फोन करून विचारलं. तुझ्या चर्चमधल्या बायका आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबतील. ते म्हणाले, तिला घेऊन जा रे, माझ्याकडे बघून बघून तिचा चेहरा ऑक्सिजनच्या टाकीसारखा झालाय.

तू नाही म्हणालीस तर वाईट वाटेल, पण त्यात तुझी चूक नसेल. वाट बघतो.

तुझा,
एल्डन

हार्लन क्रॉसिंग
६ ऑक्टोबर १९९६

ती. व्हर्नावन्सं यांस आर्डिसचा नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोहोचल्याचं आणि भावोजींनी सूप मागून घेतल्याचं वाचून बरं वाटलं. धाव बाहेरून कशी दिसली, असं विचारलंत. स्पष्ट लिहू? सुटतानाच गाडी उडी मारून खाली बसली. दुसरा गिअर पडताना असा कर्कश आवाज झाला की माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. शेजारच्या पट्टीतला माणूस घरी जाऊन जेवलाही असेल. अख्ख्या दिवसात तुमच्याइतकं हळू कुणी गेलं नाही. आणि तुम्ही दोघं शेवटपर्यंत भांडत होतात, ते काचेतून सगळ्यांना दिसत होतं.

दुसरं तुम्ही विचारलंत ते भोंग्याचं. आधी त्यांनी धाव एल्डन प्रुइटची म्हणून पुकारली. मग थोड्या वेळाने धावा थांबवून पुन्हा सांगितलं की ही गाडी व्हर्ना प्रुइट हिने चालवली, आणि पासष्ट साली तिचं इंजिनही तिनेच बांधलं होतं. तुमच्या माहेरच्या नावानं. कुणा जुन्या माणसाला आठवलं असेल, असं ह्यांनी तुम्हाला सांगितलं. साफ खोटं आहे ते.

गाडी लावल्यावर हे मुतारीकडे जातो म्हणाले ना, ते गेले भोंग्याच्या मनोऱ्याकडे. तिथला लोखंडी जिना उभाच्या उभा. मी हात द्यायला मागोमाग गेले, तर हात झटकला. थोडं चढले आणि गुडघ्याने दगा दिला. तेव्हा हे वळून पायरीवर बसले आणि लेकरं चढतात तसे बसल्या बसल्याच उलटे, एकेक पायरी वर सरकत गेले. खाली गर्दी जमली होती. काहीजण हसत होते. चारचौघांत साधं अडखळले तरी आठवडाभर मान खाली घालणारा हा माणूस, त्याने त्या दिवशी खाली पाहिलंही नाही. वरून तुमचं नाव आलं तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून रडत होते. उतरलेही तसेच. मला म्हणाले, “ताईला सांगू नकोस.” मी हो म्हटलं होतं.

शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. डॉक्टर फार रागावले. उरलासुरला गुडघा कुठे घालवून आलात, असं विचारत होते. हे म्हणाले, “एक काम राहिलं होतं.”

आपली,
आर्डिस