डुकोनोवरच्या लाल फिती

ती. दोर्कासताईस,
धाकट्या सेफनातचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमच्या घरामागचा ज्वालामुखी कसा आहे? तिघांपैकी जो जास्त कुरकुरत असेल त्याची काळजी घे. आमच्याकडे डुकोनो नेहमीसारखा धुमसतोय. सकाळीच छपराचे पत्रे झाडले, राख पाण्यात उतरू नये म्हणून टाकीचा पाइप काढून ठेवला, तरी चहात राख आहेच.

बाबांना वरच्या जायफळांच्या बागेतून खाली का आणत नाही, असं तू रागावून विचारलंस. अगं, आणायलाच गेलो होतो. झालं असं, की विबोवोसाहेबांनी (जावाचे, दगडांचे अभ्यासक, माणूस सज्जन, फक्त माशाचे काटे काढता येत नाहीत) विवरापासून चार किलोमीटरवर झाडांना लाल फिती बांधल्या. इथून पुढे जीवाला धोका, असा त्यांचा अर्थ. आता आपल्याकडे झाडाला काही बांधलं की फळाला हात लावायचा नाही, हे तुला मी काय सांगू! गावाने बंदी इतकी काटेकोर पाळली, की जायफळं पिकून, उकलून खाली पडली तरी एकही कुणी उचललं नाही. शिवाय बंदी मोडू नये म्हणून राखण बसली. पूर्वी त्या हद्दीत बाबा एकटे असायचे, आता सात म्हातारे झाले. हे ऐकून साहेब होते तिथेच मटकन बसले.

मग आम्ही दोघे चढलो. ताई, लहानपणापासून बघतोय, पण साहेबांनी बोट दाखवलं तेव्हा कळलं, हा एक डोंगर नव्हेच. एकाच्या खांद्यावर दुसरा, जुन्या विवराच्या कुशीत नवं विवर, आणि मधून राखेचा खांब थेट आभाळात. वाटेतल्या काळ्या दगडावर हात ठेवून साहेब म्हणाले, इथे कधीकाळी समुद्र होता, लाव्ह्याने तो बुजवला. बागेत पोचून बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "माझा आजाही हेच सांगायचा. त्याला फक्त कुणी साहेब म्हणत नव्हतं."

तेवढ्यात बागेजवळच्या ओढ्याचं पाणी एकदम आटलं. वर पाऊस आणि इथे ओढा कोरडा, म्हणजे पाणी वर कुठेतरी तुंबलेलं! बाबा ओरडले, "साहेब, वही राहू द्या, काठ चढा!" आम्ही नऊ जण चढलो. आधी पायांखालची जमीन थरथरली, मग राखाडी चिखल आला. त्यात होडीएवढे दगड तरंगत होते आणि एक झाड उभंच्या उभं चाललं होतं. बाबांची झोपडी गेली, ती गेल्याचा आवाजसुद्धा आला नाही. बाबांनी टोपी काढली.

आता तरी खाली चला, असं साहेब हात जोडून म्हणाले. म्हातारे म्हणाले, बंदी उठल्याशिवाय कसं येणार? आणि ज्याने बांधली त्यानेच, प्रार्थना करून, सोडायची. शेवटी धोका टाळण्यासाठी साहेबांनी धोक्याच्या सगळ्या फिती स्वतःच्या हाताने सोडल्या. (प्रार्थना त्यांनी त्यांच्या पद्धतीने केली. चालते, असं म्हातारे म्हणाले.) मग म्हाताऱ्यांनी शांतपणे जायफळं पोत्यांत भरली आणि मगच उतरले.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सेफनात

ता. क. बाबांना शुक्रवारच्या बोटीने तेर्नातेला तुझ्याकडे पाठवतोय. झोपडी नाही तोवर ते येतील, बांधली की येणार नाहीत. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. बाकीचे सहा जणही येताहेत. बाबांना एकटं पाठवणं त्यांना बरं वाटत नाही.

ता. क. ३. फार दिवस त्रास देणार नाही म्हणतात, डोंगर शांत होईपर्यंतच राहू. (तो १९३३ पासून चालू आहे.)