वरच्या फळीवरची बिस्किटं

प्रिय गुंड्या,

तू कामावर चक्कर येऊन पडलास, हे मला तुझ्या रूममेटनं कळवलं. तू नाही. डॉक्टरांनी दोन वेळ नीट जेवायला बजावलंय, तरी तू अजून बिस्किटांवरच दिवस काढतोस, हेही त्यानंच सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, बिचारा घाबरलाय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा राग मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला मी तुझ्या खोलीवर आले आणि फळं समोर मांडली, बिस्किटांचे पुडे वरच्या फळीवर ठेवून दिले. डोळ्यांसमोर असेल तेच माणूस उचलतो, असं आमचं शास्त्र! तू स्टूल आणलंस, वर चढलास, पुडा काढलास आणि तिथंच उभ्यानं संपवलास. मला हसू फुटलं आणि तू भडकलास. मी काही तुझ्या कॉलेजातला पोरगा नाही, माझ्यावर प्रयोग करू नकोस, म्हणालास. तेव्हापासून अबोला.

खरं सांगू? कॉलेजातही माझ्या प्रयोगांचं काही खरं नाही. समुपदेशक म्हणून पोरांना चांगलंचुंगलं नव्हे, चांगलं खायला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कॅन्टीनमध्ये ताटल्या लहान केल्या, तर पठ्ठे दोन-दोन घेऊन जायला लागले. पदार्थांपुढं कॅलरी लिहिल्या, तर एका मुलीनं जेवणच सोडलं. त्या पाट्या मी स्वतः उतरवल्या. नको हा उद्योग, असं झालं होतं. मग नुसती माझं ताट घेऊन तिच्यासमोर बसायला लागले. जेव म्हणून एकदाही म्हटलं नाही, तिच्या मांजरीच्या खोड्या तेवढ्या ऐकल्या. आता ती जेवते. थोडं टाकते, पण जेवते. अहवालात यातलं काय लिहायचं, देव जाणे. दमलेय रे मी.

आता तू म्हणशील, टाकलाच हिनं नवा डाव. नाही रे बाबा. तू तिकडे असतोस, म्हणून तुला माहीत नाही. आई गेल्यापासून मी घरात टेबलाशी जेवायला बसलेच नाही. दिवसभर जगाला जेवायचं कसं ते सांगते आणि घरी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच काहीतरी पोटात ढकलते. कधी तेही नाही. परवा असाच उभ्यानं बिस्किटांचा पुडा फोडला आणि एकदम तू आठवलास, स्टूलवर चढलेला. इतकी रडले, काय सांगू. रविवारी घरी ये. नाहीच जमलं तर मी येते, फळंबिळं न आणता. बिस्किटं तर बिस्किटं, पण समोरासमोर बसून खाऊ. मला एकटीला घास उतरत नाही रे.

तुझीच,
ताई

ता. क. स्टूल आणू नकोस. पुडे खालीच ठेवेन.