बशीएवढं झाकण

प्रिय ठमे,

पत्र हातात पडताच उभ्या उभ्या वाच, बाकीची कामं मागाहून. रविवारी तू जावईबापूंसोबत त्यांनी दुरुस्त केलेल्या त्या जुन्या विमानात बसणार, हे तुझ्या आईकडून कळल्यापासून जिवाला घोर लागलाय. तुझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं विमान ते! वरून पिवळाधमक रंग, पण रंगाचं कौतुक मला नको. पाचवीत शाळा सुटली, तरी चाळीस वर्षं मी विमानाच्या कारखान्यात पंखांना रिव्हेट मारलेत. लोखंडाचा गंज लाल होऊन स्वतःच चुगली करतो. ॲल्युमिनियमचा गंज आतल्या गाठीचा. पत्र्याखाली पांढरी भुकटी साठत राहते आणि वरून सगळं छान.

मागच्या महिन्यात मी हँगरवर आलो, ते सहज नव्हे. पंखाच्या पोटाला तपासणीची बशीएवढी झाकणं असतात. ती सगळी उघडून आतला कणा पाहिला, असं जावईबापूंनी नोंदवहीत लिहिलंय. मी वाकून पाहिलं, तर मुळाजवळच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत रंग जसाच्या तसा. स्क्रू फिरवला असता तर रंग उडाला नसता? विचारलं, तर हसून म्हणाले, बाबा, तुम्ही दाराची कडीसुद्धा चारदा ओढून बघता, बसा निवांत. असं हसणारा माणूस मला पटत नाही. लग्नातही ते असेच हसत होते. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, हा काहीतरी लपवतोय. ती म्हणाली, लपवतोय ते पोट.

मग नाना शंका. तुझा फोन आधी तेच का उचलतात? तू ‘मजेत आहे’ म्हणतेस तेव्हा शेजारी कोण असतं? एकटी माहेरी आलीस त्याला वर्ष झालं. रागावू नकोस, बापाचं डोकं असंच चालतं.

काल दुपारी पुन्हा हँगरवर आलो, ते जेवायला गेल्यावर मी पंखाखाली उताणा झोपलो, झाकण काढलं, टॉर्च धरला आणि दांडीचा आरसा आत घातला. ठमे, कणा नव्या भांड्यासारखा! भुकटी नाही, फोड नाही. कोपऱ्याकोपऱ्यात गंजरोधक थर, इतका निगुतीनं की मलाही जमला नसता. म्हणजे तपासणी आधी झाली, रंग मागाहून दिला. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण सुचायला नकोच होती.

पण हे पत्र त्यांची तारीफ करायला नाही. माझे हात हल्ली थरथरतात, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आरसा दांडीवरून निसटून पंखात घरंगळला. तिथूनच पंखाची मागची फळी हलवणारी तार जाते. तो तारेत अडकला, तर वळलेलं विमान सरळ होणार नाही. किती चाचपलं, सापडला नाही. एवढ्यात बाहेर जावईबापूंची शीळ ऐकू आली, आणि मी झाकणाचे स्क्रू पिळून मागच्या दारानं चोरासारखा पळालो. फोनवर हे बोलायला जीभ रेटेना. म्हणून शेजारच्या बाईंच्या हाती पत्र देतोय. आत्ताच्या आत्ता त्यांना दाखव. डावा पंख, मुळाजवळचं झाकण. आरसा हातात येईपर्यंत विमान जागचं हलू देऊ नकोस. मग मला बोलावून घ्या. मी त्यांच्यासमोर उभा राहीन, त्यांनी हवं तेवढं हसावं.

तुझाच,
पळून आलेला बाप