गयाच्या हातावरची गाठ

जिंतूर, १२ फेब्रुवारी १९५७

दोन वर्षांच्या गयाच्या हातावर, क्षयाची लागण आहे का ते बघायला, टोचणी केली होती. आज तिथे लालभडक गाठ उठलेली, म्हणजे लागण आहे. येलदरी धरणावरचे परदेशी इंजिनियर आणि त्यांच्या बाई तिला दत्तक घेऊन मायदेशी निघालेत. तिची आई क्षयानेच गेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, गप्प राहा. कळलं तर पोरीला टाकून जातील."

मेंढरं वळणारी तिची आजी माझा पदर धरून बसली. "सांगू नगा बाई. जाऊ द्या लेकराला. हितं ऱ्हायली त मायवानी मरंल."

पण तिकडे कोणाला माहीतच नसलं, तर औषध कोण देणार? ती गाठ डोळ्यांपुढून हलेना. मी इंजिनियरच्या बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी गयाचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "औषध किती दिवस?"

"वर्षभर तरी."

"मग वर्षभर आम्ही इथेच."

आजी रडत होती. डॉक्टर म्हणाले, वर तुमची तक्रार करतो. करा म्हणावं. उद्यापासून गयाला औषध मीच देणार.