तुराटीचा कागद, चिंचोक्याची खळ

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

उमरी, जि. नांदेड
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. सौ. शिवानीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. अव्वाचा गुडघा कसा आहे ते कळव. तिला जिना चढू देऊ नकोस. ती ऐकायची नाही, तरी सांगत जा.

तुझं पार्सल मिळालं. तुझ्या भाऊजींनी गठ्ठा दुकानातच उघडला आणि बियाणं न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत बसले. "आमच्या मेहुणीनं केलाय. तुराटीचा! आपण बांधावर जाळतो न्हाई का, त्या तुराटीचा!" एका म्हाताऱ्याने कागद हुंगून पाहिला आणि म्हणाला, खायचा हाय का? मला तेवढंच बरं वाटलं.

कागद पाठवलास, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतेस आणि "अक्का थांब, माणसं आलीत" म्हणतेस. माणसं येणारच. तुराटीतून सेल्युलोज काढून मिठाईचे डबे करणारी बाई निलंग्यात दुसरी आहे कोण?

आता खरं सांगू? रंग बरा आहे, पण शाई पसरते. वर 'आशीर्वाद' लिहिलंय ते बघ कसं फुगलंय. कॉस्टिक जरा जास्त झालंय, म्हणून कडा ठिसूळ आहेत. रागावू नकोस. तुला बारावीला केमिस्ट्रीत पास मी केलंय, तेव्हा पेपर तपासायचा हक्क माझाच.

आठवतं ना? पहिल्यांदा नापास झालीस, अप्पा तुझ्याशी बोलेनात, आणि मी माझा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास बाजूला ठेवून तुझ्यापुढे बसले. "सेल्युलोज म्हंजे कापूसच का गं अक्का?" मी म्हटलं, कापसात ते जवळजवळ मोकळंच असतं, तुराटीत लिग्निन नावाच्या डिंकाने जखडलेलं असतं. जखड सोडवली की झालं. तुझ्या डोक्यात शिरेना, म्हणून परसातल्या चुलीवर धुण्याच्या सोड्यात तुराट्या उकळल्या, पाट्यावर कुटल्या, लगदा धुऊन ताटावर थापला आणि उन्हात ठेवला. संध्याकाळी तळहाताएवढा कागद निघाला, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तू त्यावर बॉलपेनने 'पास' असं लिहिलंस. त्याच मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी इकडे आले. तो कागद नंतर कुठे गेला कोण जाणे.

असो. शाई पसरते कारण तुझ्या कागदाला खळ नाही. चिंचोक्याची खळ दे. शेजारची नागुबाई घोंगड्यांना देत होती ती. उन्हाळाभर मी तिच्या चुलीपाशी बसायचे आणि तू लिंबाखाली घोरत असायचीस. सगळी रीत मला पाठ आहे. फोन कर, सांगते. तुझ्याकडे वेळ असला तर.

मी काय, कॉलेजच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं परीक्षानळ्या धुतेय, अजून धुतेय.

तुझी,
जगदेवी अक्का


उमरी
रविवार, १३ जुलै २०२५

चि. सौ. शिवानीस आशीर्वाद.

हे नव्या गठ्ठ्यातल्या कागदावर लिहितेय. शाई पसरत नाही. पेन कसं सुरसुर चालतंय. पहिल्या ओळीला मी मुद्दाम निब जास्त दाबली, तरी काही झालं नाही.

बातमी वाचली. भाऊजींनी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवलीय, म्हणजे दिवसातून दहा वेळा तू माझ्याकडे बघून हसतेस. जांभळी इरकल छान दिसते. ती अव्वाची ना? मला वाटायचं, थोरल्या लेकीला देईल. न का देईना.

बातमीत तू म्हटलंयस, "कागदाला चिंचोक्याची खळ देण्याची आमच्या भागातली जुनी पद्धत आम्ही वापरतो." आमच्या भागातली! हा भाग राहतो कुठे गं? उमरीला राहत असेल तर त्याचं नाव जगदेवी. पत्रकाराने कापलं असेल म्हणतेस? असेलही. त्यांना जागा कमी असते. पण तुझ्या बारावीची गोष्ट, तुझं नापास होणं, ते मात्र छापायला जागा पुरली. "अपयशाने खचले नाही." खचली नव्हतीस, खरंच. खचायची पाळी आली तेव्हा झोपली होतीस.

शुक्रवारी प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं, ॲसिडच्या बाटल्यांचं काहीतरी असेल. तर म्हणाले, "निलंग्याच्या त्या शिवानी मॅडम तुमच्या भगिनी? गॅदरिंगला पाहुण्या म्हणून बोलवता का?" तू मॅडम. मी चोवीस वर्षं 'जगदेवीबाई, जरा बर्नर पेटवा'. हो म्हणाले मी. बोलावलं असं समज. खुर्च्या मीच लावणार आहे.

शिवानी, मला जळायला होतं. लिहूनच टाकते, नाहीतर पोटात ठेवून पित्त होईल. तुझा फोटो पाहिला की वाटतं, हे माझं होतं. माझ्या चुलीवरचं, माझ्या ताटातलं. मग मीच मला म्हणते, बाई, तुला कुणी अडवलं होतं? उमरीत कापूस पिकतो, पऱ्हाट्यांचे ढीग जळतात, सोडा दुकानात मिळतो. कुणी अडवलं नव्हतं. मी उठले नाही, तू उठलीस. हे कळतं, म्हणून तर जास्त जळतं.

हैदराबादच्या मिठाईवाल्याचं काय झालं? डब्यांचे नमुने कधी पाठवायचेत? मागे खळ लालसर दिसते म्हणाली होतीस. वाळल्यावर जाते म्हणाले होते मी. गेली असेलच. आणि डब्यांचे कोपरे तुम्ही चिकटवता, शिवता, की पिना मारता? आपलं सहज विचारलं.

पंचमीला माहेरी येते. मागच्या तीन वर्षांत जमलं नाही, या वर्षी येतेच. अव्वाला सांग.

अक्का


लातूर बसस्टँड
शनिवार, २ ऑगस्ट, सकाळी पावणेअकरा

शिवानी,

आज घाईत लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर बाकाचा दोष. हे पत्र आणि सोबतचं पोतं साडेअकराच्या निलंगा गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय. गाडी सुटली की तुला फोन करून एवढंच सांगणार आहे की सामान येतंय, स्टँडवर जाऊन घे. बाकीचं फोनवर सांगायला जमत नाही. या आठवड्यात तीनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर मला खोटं बोलता येतं. बोललेच आहे.

आधी कामाचं. सोमवारी हैदराबादला जाणारे डबे पाठवू नकोस. एकही नको. या खळीचे जेवढे केलेत तेवढे बाजूला काढ. पोत्यात चिंचोके आहेत, वाळूत भाजून, कांडून, टरफल काढून पांढरे केलेले. आजच भिजत घाल. उद्या वाटून उकळ, वरची साय काढून टाक आणि नवे कागद याच खळीत बुडव. पिना मारू नकोस, कोपरे सुताने शिवून घे. चार दिवस मागून घे त्या मिठाईवाल्याकडून. उशीर झाला तर तो ओरडेल. काळे डाग पडले तर पुन्हा तोंड बघणार नाही.

आता दुसरं.

मे महिन्यात तू खळीचं विचारायला फोन केलास. मी सगळं सांगितलं, पाणी किती, विस्तव किती, साय कधी काढायची. मग तू विचारलंस, "अक्का, चिंचोके भाजायचे का गं?" आणि मी म्हणाले, "न्हाई, भाजू नको. वास लागतोय." तू म्हणालीस, "मंग टरफल कसं निघायचं?" मी म्हणाले, "राहू दे की, त्यानं घट्टपणा येतोय."

मला माहीत होतं. नागुबाईने एकदा टरफलाचा एवढासा तुकडा राहिला म्हणून पळी माझ्या मनगटावर मारली होती. आणि नागुबाई सोड, मी रसायनशास्त्राची पदवीधर बाई आहे. टरफलात टॅनिन असतं. ओल लागली आणि लोखंड भेटलं की ते काळं पडतं. हिरडा आणि गंजके खिळे घालून पूर्वी शाई करत, ती हीच. दरवर्षी पोरांना मी ती करून दाखवते.

बातमीचा राग होता म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण बातमी जुलैत आली. खोटं मी मेमध्ये बोलले. तेव्हा तू माझं काही बिघडवलं नव्हतंस. फक्त तुझ्या आवाजात घाई होती आणि मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

तुझं वाटोळं व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. एवढा विश्वास ठेव, किंवा नको ठेवूस. तू एकदा अडावीस, एवढंच मला हवं होतं. एकदा नापास व्हावीस आणि रडत परसात माझ्यापुढे येऊन बसावीस. "अक्का, शिकव." बाकी मला काही नको होतं. त्या उन्हाळ्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही गं.

मंगळवारी पंचमीला कारखान्यात आले तेव्हा सांगायचं ठरवून आले होते. देवाशप्पथ. तुम्ही झोका बांधला होता, अव्वा लाह्या वाटत होती, आणि एका कोपऱ्यात हैदराबादच्या कामाची खळ उकळत होती. साखराबाई हंड्यात पळी घालून म्हणाली, "ताई, ही खळ लाल दिसायली. आमच्या सासरी चिंचोके भाजून टरफल काढत होते. भाजाय पायजेत." तू तिला काय म्हणालीस? "साखरा मावशी, अक्कानं सांगितलंय. अक्का चुकत न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "सांग गं अक्का."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. अकरा जणी. हैदराबादचं काम लागलं तर त्यातल्या एकीलाही ऊसतोडीला जावं लागणार नाही, हे तूच मला तासापूर्वी सांगितलं होतंस. आणि मी म्हणाले, "आज पंचमी हाय. पंचमीला कुणी तवा चुलीवर ठेवत असतंय का?" सगळ्या हसल्या. साखराबाईने जीभ चावली आणि कानाच्या पाळीला हात लावला. तिचं खरं होतं, आणि माफी तिनेच मागितली. मी सणाच्या आड लपले. मग दोन दिंडं खाल्ली, झोक्यावर बसले, आणि तू मला झोके दिलेस.

घरी आल्यावर कपाट उघडलं. तुझ्या कागदांचा गठ्ठा मी प्रॅक्टिकलच्या फायलीची पत्र्याची क्लिप लावून ठेवला होता. पावसाळ्याची ओल. क्लिपेखाली काळं ठिक्कर पडलं होतं, वरून सहाव्या कागदापर्यंत. डब्यांना पिना मारलेल्या मी मंगळवारीच पाहिल्या होत्या. त्याआधी तुझ्या पत्राची वाट बघत होते, कोपरे शिवतो असं उत्तर येईल म्हणून. तू उत्तर दिलंच नव्हतंस. तुला वेळ नव्हता, आणि मला तेव्हा तेही बरंच वाटलं होतं.

गुरुवारी, शुक्रवारी रजा काढली. दुकानामागे चूल मांडून चिंचोके भाजले. तुझ्या भाऊजींनी विचारलं, एवढे कशाला? म्हटलं, शिवानीची चूक निस्तरायची आहे. बघ, तिथेही तुझंच नाव घेतलं. नंतर चुलीजवळ परत बोलावून खरं सांगितलं. ते बाजूला बसून कांडायला लागले.

पोतं घेऊन थेट निलंग्याला यायचं म्हणून निघाले होते. लातूरपर्यंत आले. इथून पुढे पाय निघत नाही. अव्वाला काय सांगायचं ते तू ठरव. साखराबाईला मात्र सगळ्यांसमोर सांग की तिचं बरोबर होतं. माझं नाव घेऊन सांग. बातमीत राहून गेलं होतं ते.

सोबत एक कोरा कागद आहे, तुझाच. काल त्यात पाणी लावून एक गंजकी टाचणी खोचली होती. टाचणीभोवतीचा डाग बघ म्हणजे मी खोटं सांगत नाही हे पटेल. हल्ली माझ्या शब्दाला पुरावा जोडावा लागणार. त्या कागदावर तुला जे लिहायचं ते लिहून परत पाठव. परसातला पहिला कागद मी जपला नाही. हा जपेन, त्यावर काहीही लिहिलंस तरी.

चारच्या नांदेड गाडीपर्यंत मी इथेच फलाटावर बसून आहे. फोन हातात आहे. नाही वाजला तर गाडीत बसेन आणि तुला दोष देणार नाही.

कंडक्टर घाई करतोय. खाली यावेळी अक्का लिहीत नाही. ते तू म्हणायचं असतं.

जगदेवी