पालखीचा पुढचा खांदा

पारगाव, ५ जानेवारी १९९९

चि. वृषालीस सयाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

बायपास करताना माझं हृदय काही वेळ बंद ठेवणार, असं तुझे डॉक्टर म्हणाले. अगं, विहिरीवरची मोटर बंद पडली तर वायरमनच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. इथे कुणाच्या काढू? वर ही बातमी माझा चुलतभाऊ भिमाजी याला लागली. हृदय थांबलं म्हणजे माणूस मेला, आणि मेलेल्याचा मान भावाला, तेव्हा चैत्राच्या जत्रेत नाथाच्या पालखीचा पुढचा खांदा आता आपला, असं तो पारावर सांगत सुटलाय. आजोबांपासून आलेला मान मी घालवणार नाही. ऑपरेशन रद्द समज.

मामावर राग धरू नये.
सयाजीमामा

पुणे, १२ जानेवारी

ती. मामांस वृषालीचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन रद्द केलंत तर भिमाजीमामांना तो मान लवकरच आणि बिनभांडणाचा मिळेल. हे लिहिताना रडू येतंय, पण थट्टा केल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही.

हृदय थांबतं, मरत नाही. थंडगार औषध सोडून त्याला झोपवतात. तोवर अंगातलं रक्त यंत्र फिरवतं. हृदयाच्या स्नायूत बारीक सुई असते. स्नायू तापला, बिघडू लागला की ती पडद्यावर दाखवते. मी ओरडले की डॉक्टर पुन्हा थंड औषध सोडतात. त्या पडद्यासमोर बसणं हीच माझी नोकरी. तुम्ही कांद्याच्या चाळीत हात घालून आतला माल तापलाय का बघता, तसंच. निमूट या. तंबाखू आजपासून बंद.

मामीला नमस्कार, तुम्हाला दम.
वृषाली

पुणे, ४ फेब्रुवारी

ती. मामीस शि. सा. न. वि. वि.

मामांचं हृदय सुखरूप थांबलं आणि सुखरूप चालू झालं. स्नायू एकदाही तापला नाही. मी मात्र पडद्यावरून नजर हलवली नाही. शुद्धीवर येताच त्यांनी तंबाखू मागितली. काळजी नसावी.

तुझीच,
वृषाली

पारगाव, ३ एप्रिल

चि. वृषालीस मामीचे अनेक आशीर्वाद.

हे बरे आहेत, पण ओझं उचलायला बंदी, म्हणून जत्रेत खुर्चीवर बसले होते. ते बघून भिमाजीभावजींना जोर चढला. हृदय थांबलं व्हतं का न्हाई, नाथाची शपथ घेऊन सांग, म्हणाले. देवापुढं यांना खोटं बोलवेना. थांबलं व्हतं, म्हणाले. मग तुझ्या सुईचं सांगू लागले, पण ऐकतो कोण? डोळ्यांत पाणी आलं गं त्यांच्या.

मला राहवेना. कुंकू चाचपलं, पदर खोचला आणि पंचांना म्हटलं, भावजींचं लई बरोबर हाय. तेवढा वेळ आमचे मालक मेले व्हते. मग मेलेल्याचं घरदार आधी बायकोकडं येतं का चुलतभावाकडं? सगळी जत्रा हसली. हसू थांबेपर्यंत मी पुढचा दांडा खांद्यावर घेतलासुद्धा. भावजींना मागचा दांडा धरावा लागला.

आता हे म्हणतात, पुढच्या जत्रेला माझा खांदा परत दे. तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते: नवरा जिवंत झाला की मान परत द्यायचा, अशी कुठं रीत आहे का गं? नसली तर मला एकटीला कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मामी साळुबाई